धपाबाई आज पडणार नाही

सुट्टीची सकाळ होती. स्वयंपाकघरात एका स्टुलावर बसून एक बाई मटार सोलत होती, आणि समोरच्या स्टुलावर तिने आपला उजवा पाय लांब करून ठेवला होता. गुडघ्याला जाड पट्टा बांधलेला. शेजारच्या घरात कुठेतरी रेडिओ लागला होता आणि बाईच्या पावलाचा अंगठा त्या गाण्याबरोबर हळूच हलत होता. नाचणाऱ्याचा पाय जायबंदी झाला तरी ताल सोडत नाही. देवाने एकदा दिलेले देणे देव परत मागत नाही. ते हिसकावून घ्यायला माणसेच पुरेशी असतात.

या बाईला तुम्ही ओळखता. नावाने नाही ओळखणार, कारण तिचे नाव पडद्यावर कधी ठळक अक्षरांत आले नाही. पण डोक्याला ठिपक्यांचा रुमाल, कमरेला एप्रन, हातात ट्रे घेतलेली मोलकरीण मालकाच्या हाकेसरशी धावत येते, पाय घसरतो, कपबश्या छताकडे जातात आणि बाई धपकन खाली येते, हे तुम्ही पाहिले आहे आणि पोट धरून हसलाही आहात. तीच ही. लोक तिला धपाबाई म्हणतात.

तिच्या पडण्यात एक खुबी होती. पडल्यावर ती आधी ट्रेकडे बघायची आणि मग स्वतःकडे. थिएटर हसायचे ते त्या बघण्याला. हे तिला कोणी शिकवले नव्हते. तिच्या आईने आयुष्यभर लोकांच्या घरी भांडी घासली होती, आणि एकदा ओल्या जिन्यावरून पडल्यावर रक्ताळलेल्या कोपराने उठून तिने पहिला प्रश्न विचारला होता तो मालकिणीच्या कपांचा. पोरीने ते पाहिले होते. गरिबाचे दुःख पडद्यावर नेले की त्याची करमणूक होते, एवढे तिला पुढे कळले.

मूळची ती नर्तकी. वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ शाळेत होता आणि हिचे पाय हलके होते. एका नाचाच्या कंपनीत शिरली, तिथून सिनेमात, नायिकेच्या मागे नाचणाऱ्या पोरींच्या रांगेत. एकदा ओल्या फरशीवर टाच निसटली आणि ती आपटली, पण ताल न चुकवता उठून परत रांगेत मिसळली. दिग्दर्शक हसून हसून ओले झालेले डोळे पुसत म्हणाला, "ही बाई नाचायला नको. ही पडायला ठेवा." त्या दिवशी तिचा नाच संपला आणि नशीब उघडले, असे लोक म्हणतात.

तिच्या पायांवर भाऊ शिकला. शिकून मास्तर झाला, मास्तरचा हेडमास्तर झाला, आणि हेडमास्तर झाल्यावर त्याला बहिणीची लाज वाटू लागली. घर तिने बांधले, दारावर पाटी त्याची लागली. तिची खोली स्वयंपाकघराच्या मागे आणि तिची ये-जा मागच्या दाराने. तिला मागणी घालायला दोघे-तिघे आले होते. भावाला प्रत्येकात खोट दिसली. दुभती गाय कोणी दुसऱ्याच्या गोठ्यात बांधून देते का? मग बाईने काय करावे? बाईने भावाच्या मुलीला आपली मानले. त्या मुलीला घरात ठकी म्हणत. आता ती बालवाडीत शिकवायला जाऊ लागली होती, तरी घरात ठकीच होती, आणि आत्याच्या खोलीतच झोपायची.

त्या सकाळी हेडमास्तर स्वयंपाकघरात आले ते घसा खाकरत. मागे त्यांची बायको.

"ताई, दुपारी ठकीला बघायला येताहेत. मोठं घराणं आहे."

"ठकीनं सांगितलंय मला. पोराचा फोटो पण दाखवला. बरा आहे, कान जरा मोठे आहेत."

"थट्टा नको. त्यांच्या कानावर आलंय की आमच्यात कोणी सिनेमात आहे. मी नाही म्हणून सांगितलंय."

बाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मग मी दुपारभर खोलीत बसते. त्यात काय."

"खोलीत बसून चालणार नाही," वहिनी म्हणाल्या. "त्यांना सगळं घर बघायचंय. आत माणूस लपवलेलं दिसलं तर जास्तच संशय येईल."

"म्हणून आम्ही ठरवलंय," हेडमास्तर पट्ट्याकडे न बघता म्हणाले, "तू घरकामाची बाई. कोणी बघितलं तरी प्रश्न नको."

वहिनींनी एप्रन आणि एक रुमाल पुढे केला. रुमालावर ठिपके होते. बाईने तो उलटसुलट करून पाहिला आणि तिला खरेच हसू आले.

"अहो, हा तर माझा कामाचा वेश झाला. भाऊ, ऐक माझं. मी ठेवणीतले कपडे घालते, केस नीट बांधते आणि सरळ बैठकीत बसते, ठकीची आत्या म्हणून. कुत्रंसुद्धा ओळखणार नाही मला. बाजारात जाते तेव्हा शेजारी उभं राहून लोक धपाबाईच्या गप्पा मारतात आणि मलाच म्हणतात, जरा सरका. लोकांनी माझा चेहरा पाहिलेलाच नाही रे. रुमाल पाहिलाय."

"माणसं काय बघतात ते मला शिकवू नकोस. हजार मुलं सांभाळतो मी."

"मुलं सांभाळतोस, म्हणून तर म्हणते."

"ताई, मुलीच्या जन्माचा प्रश्न आहे. एक दिवस तोंड मिटून राहा."

तिने रुमाल बांधला. ठकीला तो मुलगा मनातून आवडला होता, हे आत्याला ठाऊक होते.

आता गुडघ्याचेही ऐका, म्हणजे पुढचे समजेल. काही आठवड्यांपूर्वी स्टुडिओत तिचा पडण्याचा प्रसंग होता. तिच्यासाठी खाली पातळ गादी घातलेली असे. कॅमेरावाला म्हणाला, गादीची कड दिसते आहे. दिग्दर्शक म्हणाला, "काढा मग. बाईला सवय आहे." गादी काढली. बाई पडली. पुन्हा, म्हणाले. पुन्हा पडली. शेवटी गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. डॉक्टरांनी हेडमास्तरांच्या समोर सांगितले होते: आता एकदा जरी पडल्या, तर हा पाय पुन्हा वजन घेणार नाही. हेडमास्तरांनी तेव्हा मान डोलावली होती. हे विसरू नका.

दुपारी पाहुणे आले. मुलगा, मुलाची आई आणि मुलाचा मामा. मामा आधी भिंतीकडे बघत, मग छताकडे, मग माणसांकडे. मुलगा आल्या आल्या सोफ्यात जो रुतला तो हलला नाही. मुलाच्या आईने ठकीला जवळ बसवून दात पाहिल्यासारखे हसवले, वाचायला लावले, चष्मा लागतो का विचारले.

"जरा दारापर्यंत जाऊन ये गं," ती म्हणाली.

"काही आणायचंय का?" ठकीने विचारले.

"नाही. चालताना बघायचंय."

ठकी दारापर्यंत गेली आणि आली. तिचे कान लाल झाले होते. स्वयंपाकघराच्या दाराआडून आत्याने ते पाहिले. स्टुडिओत तिने हे फार वेळा पाहिले होते. तिथे निदान त्याला कामाची निवड म्हणत, सोयरीक म्हणत नसत.

"बाकी तुमच्यात कोणी सिनेमा-बिनेमात आहे म्हणे," मामा म्हणाले.

"छे हो. आमच्या घरात कोणी सिनेमा बघतसुद्धा नाही."

"बरं. घसा कोरडा पडला. तुमच्या कामवाल्या बाईला सांगा पाणी आणायला."

वहिनी उठणार, तोच मुलाच्या आईने त्यांचा हात धरला. "तुम्ही कशाला उठता? ठेवलीय ना बाई?"

झाले. हाक गेली. धपाबाई एप्रन, रुमाल आणि ट्रेमध्ये पाण्याचे पेले अशी लंगडत दारात उभी राहिली. तिने दोन पावले टाकली नसतील, तोच सोफ्यातला मुलगा, जो इतका वेळ एक शब्द बोलला नव्हता, गुडघ्यांवर थापा मारत हसत सुटला.

"आई, बघ ना. धपाबाई. तोच रुमाल."

मुलाची आई बघत राहिली. मामांनी चष्मा वर सरकवला. "अगदी तीच आहे."

ठेवणीतल्या कपड्यांत जिला कोणी ओळखले नसते, तिला हेडमास्तरांनी स्वतःच्या हाताने ओळखीचा पोशाख चढवून पाहुण्यांसमोर आणले होते. लाजेने आंधळा झालेला माणूस दिवा विझवायला जातो आणि पडद्याला आग लावतो.

"काय हो गुरुजी," मुलाची आई म्हणाली, "घरात नाचणारी बाई ठेवता आणि आम्हाला सांगत नाही?"

हेडमास्तरांच्या कपाळाला घाम फुटला. त्या क्षणी ते खरे बोलू शकले असते. देव माणसाला असा क्षण देतो, आणि तो किती लहान असतो हे तो क्षण गेल्यावरच कळते. ते म्हणाले, "आमची कोणी नाही ती. सिनेमातलं काम सुटलं, रस्त्यावर आली होती. आम्ही भांडी घासायला ठेवली. माणुसकी म्हणून."

ट्रेमधले पाणी किंचित हलले.

"पुण्याचं काम केलंत," मामा म्हणाले. "मोलकरीणच असेल तर आमची काही हरकत नाही. नात्यातली असती तर उठलो असतो." मग त्यांनी पाय पसरले. "आयती घरात आहे, तर एकदा पडून दाखवू दे की. पोराला फार आवडतं. पोरगं तिची नक्कल करतं घरी."

"मामा, तिच्या पायाला पट्टा आहे," ठकी म्हणाली.

"मोठ्यांच्या मध्ये बोलायची सवय आहे वाटतं," मुलाची आई म्हणाली. "आणि मोलकरणीच्या पायाची एवढी काळजी? की मोलकरीण नाही ही?"

हेडमास्तर मुलीकडे बघत होते, मग पाहुण्यांकडे, मग जमिनीकडे. बहिणीकडे नाही.

"नाही कशी?" ते म्हणाले. "ए बाई, पाहुणे म्हणताहेत ते कर. एकदाच."

ए बाई. लहानपणी ताप चढला की हाच भाऊ तिच्या झग्याचा काठ मुठीत धरून झोपायचा.

धपाबाईने ठकीकडे पाहिले. ठकी मान हलवून नको म्हणत होती. बाईच्या मनात आले, एक पायच तर आहे. या पायाने घर उभे केले, भावाला उभे केले, शेवटचे पोरीला उभे करून थांबला तर काय बिघडले? वेड्या मायेचा हिशेब असाच असतो. आणि वाचकहो, अशा वेड्या मायेवर किती घरांच्या भिंती उभ्या आहेत, ते आपले आपण मोजावे.

ती शांतपणे म्हणाली, "जागा लागेल."

हेडमास्तर पटकन उठले. त्यांनी मधले टेबल ओढून भिंतीला लावले. मग ते खाली वाकले आणि जमिनीवरचा गालिचा गुंडाळू लागले.

"गालिचा राहू दे," बाई म्हणाली.

"नको. गालिच्यावर तुझा पाय घसरत नाही. ते पडणं जमत नाही मग."

सिनेमा न बघणाऱ्या हेडमास्तरांना पडणे कुठे जमते नि कुठे नाही हे पक्के माहीत होते. मामा मिशीत हसले. पण बाईला ते दिसलेच नाही. तिला फक्त भावाचे हात दिसत होते. डॉक्टरांचे बोलणे ऐकलेला, मान डोलावलेला तो माणूस, घाईघाईने, नीट कडा जुळवून, गालिचा गुंडाळत होता. स्टुडिओत गादी काढणारा निदान पगारी नोकर होता.

गालिचा कोपऱ्यात गेला. खालची फरशी गुळगुळीत होती. मुलगा सोफ्यात पुढे सरकून बसला.

धपाबाई दोन पावले पुढे आली. ट्रे डोक्याच्या उंचीवर नेला, जसा ती पडद्यावर न्यायची. मुलगा आधीच हसू लागला होता. मग तिने तो ट्रे हळूच खाली आणला, भिंतीजवळच्या टेबलावर ठेवला, एकही पेला न हिंदकळवता. रुमाल सोडला. आणि हेडमास्तरांच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसली, उजवा पाय समोर लांब करून.

"आज पडणार नाही," ती म्हणाली. "मी या मुलीची आत्या. हा गालिचा गुंडाळणारा माझा सख्खा भाऊ. मी नाचले, पडले, ते माझं काम होतं, आणि त्यावर हे घर जेवलं. पाणी तिथे ठेवलंय. तहान असेल तर उठून घ्या."

मुलाची आई ताडकन उठली. "शोभलं. नाचणारीच्या घरात यायला नको होतं." जाता जाता ती ठकीपुढे थांबली. "पोरी, तुझं नशीब तुझ्या आत्यानं लाथाडलं. लक्षात ठेव."

ठकीचा आवाज कापत होता, पण ती बोलली. "तुम्ही मला दारापर्यंत चालायला लावलंत. तुमचा मुलगा आल्यापासून एकदाही उठलेला नाही. त्याला पाय आहेत की नाहीत, ते आम्ही अजून बघितलं नाही."

मुलगा उठला तेव्हा त्याला पाय असल्याचे दिसले. पण ते आईच्या मागे मागे दाराकडेच गेले. दार आपटले.

मग घरातले सुरू झाले.

"नाक कापलंस माझं," हेडमास्तर म्हणाले. "तुझ्यापायी जन्मभर तोंड लपवत फिरलो."

"तोंड माझं लपवलंस. फिरलास तू."

"पोरीच्या गळ्यात धोंडा बांधलात तुम्ही," वहिनी रडत म्हणाल्या. "आता कोण करणार हिला?"

"वहिनी, मला कोणी केलं नाही, ते कुणामुळे?"

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिले आणि पदार्थांच्या बश्या उचलायला लागल्या. त्यांना उत्तर ठाऊक होते. ठाऊक असणे आणि बोलणे यांच्यामध्ये कित्येक बायकांचे आयुष्य जाते.

"उद्या तुझी सोय बघ," हेडमास्तर म्हणाले. "या घरात नको."

"या घरात नको, हे मी बोलायला हवं होतं रे. मीच बांधलंय ते. पण राहू दे तुला. तुला लपायला जागा लागते."

ठकी आत गेली आणि दोघींचे कपडे एका पेटीत भरून घेऊन आली. आत्याने तिला खूप समजावले. ठकी म्हणाली, "मला चालून दाखवायला सांगितलं होतं ना, तेच करतेय." त्या दोघी पुढच्या दाराने बाहेर पडल्या. आत्याला त्या दाराची कडी कोणत्या बाजूला सरकते हे माहीत नव्हते. ठकीने ती उघडून दिली.

पुढे फार गोड काही घडले नाही. स्टुडिओने निरोप पाठवला की पडता येत नसेल तर काम नाही. दोघींनी एक खोली भाड्याने घेतली. बालवाडीच्या अंगणात आत्या खुर्चीवर बसून लहान मुलांना हातांचा नाच शिकवू लागली, तर दोन आयांनी आपली मुले काढून घेतली. हेडमास्तर रोज सकाळी शाळेत सत्य बोलावे या विषयावर मुलांना सांगत राहिले. ऐकणारी मुले होती, म्हणून ते सोपे गेले.

आणि मग तो सिनेमा लागला. ज्यात गुडघा तुटला होता तो.

दुपारचा खेळ. थिएटर भरलेले. ठकी आत्याला घेऊन गेली. आत्याने ठेवणीतले कपडे घातले होते. तिकीट फाडणाऱ्यानेही मान वर केली नाही. पडद्यावर मालकाने हाक मारली, रुमालवाली बाई ट्रे घेऊन धावत आली, लोक आधीच हसू लागले, पाय घसरला, कपबश्या वर गेल्या, बाई खाली आली.

आणि तिने ट्रेकडे बघितले नाही.

तिने दोन्ही हातांनी गुडघा धरला होता. तोंड वेडेवाकडे झाले होते, आणि घशातून एक चिरका आवाज निघाला. शेवटच्या वेळचे तेच चित्र दिग्दर्शकाने ठेवले होते, कारण तेच सगळ्यांत गमतीचे होते. वर एक पिपाणीचा सूर घातला होता. थिएटर फुटले. लोक खुर्च्यांचे हात बडवत होते. एक बाई हसता हसता शेजारणीच्या खांद्यावर कोसळली.

ठकी उभी राहिली.

"ओ, खाली बसा," मागून कोणी ओरडले.

ती बसली नाही.

"काच आहेस का तू? आरपार दिसतं का? बस खाली."

कोणीतरी कागदाचा बोळा मारला. तो ठकीच्या मानेला लागून खाली पडला. ती पडद्याकडे पाठ करून लोकांकडे बघत होती. तिला काही बोलायचे होते, पण त्या गदारोळात कोणते शब्द पुरले असते?

तेव्हा तिच्या शेजारची बाई पुढच्या खुर्चीला धरून, दात आवळून, एका पायावर उठू लागली. कोणी तिला ओळखले नाही. पडद्यावर ती पडलेली होती आणि थिएटरात ती उभी राहत होती, आणि लोक दोघींच्या मधोमध हसत होते.

त्या अंधारात कोण कोण बसले होते, ते त्याला ठाऊक, ज्याला अंधारातही दिसते. तुमची खुर्ची कोणती होती, हे मी विचारत नाही. तो विचारील.